एकलबेटावरचा गडगा

सबनिसांच्या घरात रुमाल विकत आणायची पद्धत नव्हती. विद्याधर सबनीस फोर्टातल्या एका सर्व्हेयर कंपनीत ट्रेसर होते. तिथं नकाशे ज्या निळसर, कडक खळीच्या कापडावर उतरवत, त्यातलं बिघडलेलं कापड हेड ड्राफ्ट्समन मर्जीतल्या माणसांना घरी नेऊ देत असे. हे कापड सोडा घालून उकळलं की खळ सुटते, खळीबरोबर शाई आणि रंगही जातात, आणि मागं उरतं ते मलमलीसारखं मऊ पांढरं कापड. सबनिसांना सर्दी झाली की ते ज्यात नाक शिंकरत, तो एके काळी कुर्ल्याचा नाला असे. उरल्यासुरल्या तुकड्यांची शुभावहिनी झबली शिवत. घाटकोपरच्या त्या चाळीत अलीकडे जन्मलेलं प्रत्येक मूल कुणाचा ना कुणाचा प्लॉट अंगात घालूनच रांगायला लागलं होतं.

एक कापड मात्र शुभावहिनींच्या हाती लागलं नव्हतं. ते चांगलं पलंगपोसाएवढं होतं, मुळात कोरं होतं, आणि त्यावर सबनीस गेली काही वर्षं एक देश काढत होते.

हा देश जगात कुठंही नव्हता. त्याचं नाव एकलबेट. किनाऱ्याची एकेक खाच सबनिसांनी बारीक निबानं ओढली होती. डोंगरांच्या उतारांवर केसासारख्या रेघा होत्या, त्याही मोजून नव्हे तर मन लावून काढलेल्या. बगळ्याची खाडी होती, उगवतीचा कडा होता, शेवाळी नदी होती. रंग कापडाच्या पाठीमागून भरले होते, कारण पुढून भरले तर शाई फिसकटते, ही त्या धंद्यातली रीत. एका टोकाला दीपगृहसुद्धा होतं. नव्हता तो फक्त माणूस.

"हा दिवा लावतं कोण?" शुभावहिनींनी एकदा विचारलं होतं.

"कुणी नाही."

"मग आहे कशाला?"

"बेट इथं आहे हे कळायला."

"कुणाला?"

सबनिसांनी बगळ्याच्या खाडीला आणखी एक वळण दिलं.

हे समजून घ्यायचं तर ती चाळ बघायला हवी. मिठागरांच्या अंगाला दुमजली इमारत, मजल्यावर एक लांब गॅलरी आणि गॅलरीच्या टोकाला एक नळ. सबनिसांची खोली बरोबर मधे. नळाकडे जाणारं आणि नळाकडून येणारं प्रत्येक माणूस त्यांच्या दाराशी थबके, आज आमटी कसली आहे ते बघे, आणि मग पुढं जाई. दाढी करताना आरशात आपल्या तोंडामागं आणखी एक तोंड दिसणार, हे सबनिसांनी गृहीत धरलं होतं. आपण कुठंतरी थोडा वेळ एकटं असावं, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. ती चाळीत पुरी होण्यासारखी नव्हती म्हणून त्यांनी ती बेटावर भागवली होती. तिथं "काय सबनीस, काय चाललंय?" असं विचारायला चिटपाखरू नव्हतं. चिटपाखरू म्हणजे, बगळे होते. पण बगळे विचारत नाहीत.

घोटाळा असा की खोलीत उजेड नव्हता. त्यामुळे रविवारी जेवणं उरकली की सबनीस गॅलरीत पाट टाकत, मांडीवर फळी घेत आणि उघड्यावरच देश काढायला बसत. त्यातून वर्ष वाईट. राज्यपुनर्रचनेचा अहवाल नुकताच बाहेर आला होता. वर्तमानपत्रांत रोज नकाशे, आणि कुठला तालुका कुणीकडे जाणार यावर नळावर रोज जुंपलेली. एरवी नकाशाकडे ढुंकूनही न बघणारी माणसं आता रेघ दिसली की बाह्या सरसावत. अशा दिवसांत चार लोकांच्या देखत देश काढत बसू नये, एवढं साधं व्यवहारज्ञान सबनिसांपाशी नव्हतं.

आणि त्यांच्यात दुसरीही एक खोट होती. त्यांना नाही म्हणता येत नसे. अगदीच जिवावर आलं तर ते "बघू" म्हणत. ऐकणाऱ्याला वाटे काम झालं, आणि मग सबनिसांना ते करावंच लागे.

सुरुवात भाऊंनी केली. भाऊ म्हणजे चाळ कमिटीचे अध्यक्ष, निवृत्त पोस्टमास्तर. एका रविवारी त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बेट या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासलं.

"सगळं झकास आहे विद्याधर, पण पोस्ट दिसत नाही."

"वस्तीच नाही भाऊ तिथं."

"अरे, पोस्ट नसेल तर वस्ती होईलच कशी?"

सबनीस म्हणाले, बघू. पुढच्या रविवारी टेकडीच्या पायथ्याशी एक लहानसं लाल पोस्ट उभं राहिलं. ते बघून भाऊ प्रसन्न झाले आणि लगेच गंभीर झाले. पोस्ट म्हटलं की पोस्टमास्तर आला, पोस्टमास्तर आला की त्याला क्वार्टर हवी, आणि क्वार्टरला समुद्राचा वारा लागायला हवा, कारण आयुष्यभर आपण बिनवाऱ्याच्या क्वार्टरात काढली, असं त्यांनी समजावून सांगितलं. सबनिसांनी टेकडीवर क्वार्टर काढून दिली. एकाच माणसाचा प्रश्न होता, तोही म्हातारा, असा त्यांनी विचार केला.

ही बातमी जिन्याजवळच्या खोलीतल्या मालनबाईंना कळायला संध्याकाळ व्हावी लागली नाही. मालनबाई तोंडानं फटकळ, पण चाळीत त्यांना मान होता, कारण चाळीतला एकुलता एक पाळणा त्यांच्या मालकीचा होता. शिसवी, पितळी कड्यांचा, सासूच्या माहेरून आलेला. चाळीतली सगळी बारशी त्याच पाळण्यात झाली होती. त्या आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "भावजी, भाऊंना हवेशीर जागा, आणि आम्ही काय घोडं मारलंय?"

त्यांनी मागितलं तरी काय? घरात नळ. आपला स्वतःचा, ज्याच्यासमोर कुणाची बादली नाही असा. त्यानंतर जो तो आला तो असलंच काहीतरी मागून गेला. कुणाला पश्चिमेला खिडकी हवी होती, कुणाला पापड वाळत घालायला गच्ची, कुणाला दाराला आतून कडी असलेली मोरी. बेट खोटं आहे, सबनिसांनी ते मनानं काढलंय, हे सगळ्यांना चांगलं ठाऊक होतं. फसवलं कुणालाच गेलं नव्हतं, हे ध्यानात ठेवा. पण खोटी का होईना, मिळतेय तर जागा सोडायची कशाला, हा मुंबईचा हिशेब. बघता बघता टेकडीच्या उतारावर घरं झाली आणि घरांमधून दोऱ्या गेल्या. शेवाळी नदीवर बायकांसाठी धुण्याचा दगडही आला.

दशरथदादा गावकर सगळ्यात शेवटी आले. ते सबनिसांचे शेजारी, मालवणकडचे. गिरणीतून कमी केल्यावर ते साकीनाक्याच्या एका मोठ्या लाँड्रीत लागले होते. आलेल्या कपड्यांवर बिब्ब्याच्या रसात सुई बुडवून खुणा घालणं, म्हणजे कुणाचा सदरा कुणाला जात नाही, हे त्यांचं काम. गावच्या घराची वाटणी झाली तेव्हा ते इथं गिरणीत रात्रपाळी करत होते. वाटणीनंतर गावी गेले तेव्हा आपलं घर नेमकं कुठं संपतं हे त्यांना कुणी धड सांगेना. दर वर्षी कुंपणाचे दगड थोडे थोडे आत सरकलेले दिसत. शेवटी त्यांनी जायचंच सोडलं. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, त्या दिवशी सबनिसांना सांगितलं.

"घर ल्हान काढलांत तरी चलात," ते म्हणाले. "गडगो मात्र दांडगो व्हयो."

गडगा म्हणजे दगडावर दगड रचून केलेलं कोकणातलं कुंपण. सबनिसांनी दशरथदादांना मालनबाईंच्या घराच्या बाजूला, बेटाच्या कडेची जागा दिली आणि भोवती गडगा घातला. दगड अन् दगड वेगळा काढला. इतर घरं त्यांनी नाइलाजानं काढली होती, पण हा गडगा काढताना त्यांना मनापासून बरं वाटलं, हे खरं. दशरथदादांनी दगडांवरून एकदा नख फिरवलं आणि ते आत गेले.

गडगा मालनबाईंना खुपला. त्यांचं म्हणणं, त्यामुळे आपल्या अंगणातली उन्हं अडतात. बेटावर सूर्य कुठून येतो हे सबनिसांनाही सांगता आलं नसतं. दशरथदादांना रविवारची ड्यूटी लागलेली बघून त्या आल्या आणि गडगा नखभर मागं घ्या म्हणाल्या. नखभर म्हणजे नकाशाच्या मापानं चांगलं शेतभर. सबनीस म्हणाले, बघू. मग त्यांनी ब्लेड घेतलं, ट्रेसिंगच्या कापडावरची शाई जशी खरवडतात तसा गडगा खरवडला आणि नखभर मागं पुन्हा काढला. काम सफाईदार झालं होतं. तरी खरवडलेल्या जागी कापड जरा पांढुरकं दिसतंच, आणि ज्याच्या गावाकडं दगड सरकलेत त्या माणसाच्या नजरेतून ते सुटणार नव्हतं.

दशरथदादांनी संध्याकाळी नकाशा बघितला. दुसऱ्या दिवशी सबनीस ऑफिसला गेल्यावर ते शुभावहिनींकडे आले, जरा नकाशा बघायचा होता म्हणाले. वहिनी तांदूळ निवडत होत्या, त्यांनी दिला. दादांनी खिशातून बिब्बा काढला, सुई काढली, आणि गडगा खरवडलेल्या त्या पांढुरक्या जागेवरच लाँड्रीतल्यासारखी आपल्या घराची खूण घातली. वर छप्पर, छपराखाली एक ठिपका.

"आता खरवडा म्हणावं," ते म्हणाले आणि कामावर निघून गेले.

झालं. मालनबाईंनी ते बघितलं आणि जानकीबाईंचं, म्हणजे दादांच्या बायकोचं, विरजण बंद करून टाकलं. चाळीत विरजण बंद होणं म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना वेगळं सांगायला नको. दोन तट पडले. गडगा होता तिथं न्यावा म्हणणारे नळाच्या डाव्या बाजूला बादल्या लावू लागले, नवा गडगाच बरा म्हणणारे उजव्या. भाऊ दोन्हीकडून बोलत, अध्यक्षच होते ते. इकडं तालुक्यांचा निकाल लागेना, तिकडं गडग्याचा.

आणि नेमक्या याच दिवसांत दादांची मुलगी नलिनी, जी बाळंतपणाला माहेरी आली होती, तिला मुलगा झाला. पहिला नातू. जानकीबाई पेढे घेऊन मालनबाईंच्या दारात गेल्या. मालनबाईंनी पेढा घेतला, बाळाचं वजन विचारलं, नाक कुणावर गेलंय विचारलं. मग म्हणाल्या, "आधी ती खूण काढा आणि मग पाळणा न्या."

खूण काढणं आता सबनिसांच्याही हातात राहिलं नव्हतं. बिब्बा एकदा बसला की बसला. दादाही हटायला तयार नव्हते. गावाकडं हललो तेवढं पुरे, असं त्यांचं म्हणणं.

भाऊंनी सभा बोलावली. गॅलरीत सतरंजी घातली, मधे बेट अंथरलं आणि चारी कोपऱ्यांवर तांबे ठेवले. पुष्कळ बोलणं झालं. गडग्याचा निर्णय लांबणीवर टाकून नकाशा तूर्त अध्यक्षांच्या ताब्यात राहावा, असा भाऊंचा ठराव आला. सबनीस भिंतीला टेकून ऐकत होते. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी काही मागितलं.

"मी काय म्हणतो, मला कुठंतरी एक कोपरा..."

सगळे नकाशावर वाकले. खरंच, सबनीस राहून गेले होते. खाडीपाशी बघितलं तर तिथं पापड वाळत होते. उगवतीच्या कड्यावर कुणीतरी म्हैस बांधायला जागा धरून ठेवली होती. नदीकाठी बघितलं तर बायकांची ये-जा. शेवटी भाऊंचं बोट बेटाच्या टोकाला जाऊन थांबलं.

"हे दीपगृह मोकळं आहे की. बरंच झालं, तो दिवा लावायला कुणीतरी हवंच होतं. पण विद्याधर, रोज लावावा लागेल हं."

ठराव पुढच्या सभेत पक्का करायचा ठरलं. सबनिसांनी बेटाची गुंडाळी केली आणि ते खोलीत आले. चुलीवर आंघोळीचं मोठं पातेलं चढलेलं होतं. शुभावहिनी सोड्याची पुडी सोडत होत्या.

"जानकीबाई सकाळपासून रडतायत," त्या म्हणाल्या. "पोरीचं पहिलं बाळ, आणि बारसं बिनपाळण्याचं. मला झबल्याला कापडही हवंय. तुम्ही नुसतं हो म्हणा. नाही म्हणता येत नाही, हे मला माहीत आहे."

सबनिसांनी गुंडाळी उलगडली. कुठं तरी एक जागा दिसावी, जिथं घटकाभर एकटं बसता येईल, म्हणून त्यांनी ते सगळं बेट पालथं घातलं. नव्हती. त्यांना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, कारण घालवायचं होतं ते बेट आधीच गेलेलं होतं. त्यांनी ते घडी न घालता स्वतःच्या हातानं पातेल्यात सोडलं. शेवाळी नदी सगळ्यात आधी सुटली. मग पाणी निळं झालं, मग नुसतं राखाडी.

दुसऱ्या दिवशी शुभावहिनी मालनबाईंकडे गेल्या आणि बेट राहिलं नाही, गडगाही राहिला नाही, असं सांगून आल्या. मालनबाई चुलीपुढं बसल्या होत्या.

"आणि माझा नळ?"

"तोही गेला, मालनताई."

मालनबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग पाटावरून उठत म्हणाल्या, "पाळण्यावर धूळ बसली असेल. पितळेला चिंच लावावी लागेल." दुपारी त्यांनी जानकीबाईंकडे विरजणाची वाटी पाठवली.

बारसं थाटात झालं. पाळणा मालनबाईंनी जातीनं टांगला. दशरथदादांच्या खोलीत बायका मावेनात, पुरुष गॅलरीत उभे. बाळाच्या अंगात शुभावहिनींनी शिवलेलं पांढरंस्वच्छ झबलं होतं. हेच ते, अशी कुजबुज झाली आणि जो तो वाकून बघायला लागला. भाऊंनी पोस्ट शोधलं. कुणी गच्ची शोधली, कुणी मोरी. काही म्हणजे काही उरलेलं नव्हतं.

मालनबाईंनी बाळाला पाळण्याखालून घ्यायला हात पुढं केले आणि त्या थांबल्या. "हे काळं काय गं, छातीवर?"

"सोड्यात घालघालून दमले," शुभावहिनी म्हणाल्या. "जाईना. म्हटलं राहू दे, तीट झाली आयती."

दशरथदादा दारातून पुढं आले. वर छप्पर, छपराखाली एक ठिपका.

"ह्यां माजां घर," ते म्हणाले. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

भाऊंनी चष्मा कपाळावर चढवला, झबल्याची पुढची-मागची बाजू तपासली आणि अध्यक्ष या नात्यानं निकाल दिला. बेटावर आता एकच घर नांदतंय, दुसरा कुणी हक्कदार दिसत नाही, तेव्हा बाह्यांसकट सगळं बेट दशरथचं. कुणी हरकत घेतली नाही. घेणार कशावर? मालनबाईंनी तेवढं विचारून घेतलं की गडगा नाही ना आता.

"गडगो कशाक?" दादा म्हणाले. "बाजूक कोण आसा?"

ते म्हणाले खरं, पण त्यांचा चेहरा म्हणावा तसा खुलला नव्हता. एवढी जागा त्यांना जन्मात मिळाली नव्हती. ते झबल्याकडे बघत राहिले. छातीवर तो एवढासा ठिपका आणि चारी बाजूंना पांढरं. समुद्र कुठला, जमीन कुठली, काही कळत नव्हतं. सबनीसही बघत होते. जसं हवं होतं तसं बेट त्यांना आज पहिल्यांदा दिसत होतं. ना घरं, ना दोऱ्या, ना हाका मारणारं कुणी. फक्त ते आता दुसऱ्याचं होतं.

बाळाला पाळण्यात घातलं, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. गर्दी जरा हलल्यावर सबनीस दादांच्या जवळ सरकले. त्यांच्या मागं मालनबाई उभ्या होत्या, मालनबाईंच्या मागं भाऊ, आणि भाऊंच्या मागं जिन्यापर्यंत आणखी काही मंडळी, हातात घुगऱ्यांचे द्रोण घेऊन.

"दशरथदादा," सबनीस हळूच म्हणाले, "खाडीच्या अंगाला एखादी खोली मिळेल? कोपऱ्यातली असली तरी चालेल."

दादांनी पाळण्याची दोरी ओढली. सबनिसांकडे बघितलं, मागच्या रांगेकडे बघितलं. त्यांच्या तोंडावर आता कुठं बारशाच्या घरचं हसू आलं.

"बघूया," ते म्हणाले.

सबनिसांना एकदम हलकं वाटलं. बघू म्हटल्यावर पुढं काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?